आधी वाळवा, मग लेप द्या : गळाच्या रबरी माशासाठी प्लास्टरचा साचा



रब्बीची मळणी उरकली आणि माल घरात आला, की पावसाळी मशागतीला हात घालण्याआधी चार दिवस मोकळे मिळतात. अशा दिवसांत धरणाच्या काठी, नदीच्या डोहावर, कोकणात खाडीच्या बांधावर गळ टाकून बसणारी मंडळी गावोगाव आहेत. पूर्वी गळाला गांडूळ, कोळंबी, नाहीतर कणकेची गोळी लावायची. आता तरुण पोरं बाजारात मिळणारे मऊ रबरी मासे लावतात. मरळ काय किंवा जिताडा काय, हे शिकारी मासे. समोरून काही वळवळत गेलं की झडप घालायची ही त्यांची सवय. रबरी माशाची शेपटी पाण्यात हलते आणि मासा फसतो.

पण हा रबरी मासा टिकत नाही. धरणात बुडालेल्या झाडांत, खाडीत तिवरांच्या मुळांत तो अडकतो आणि तंगूस तुटून जातो. मरळीच्या दातांनी शेपटी तुटते ती वेगळीच. मग साहजिकच मनात येतं, की हा मासा घरी पाडता येणार नाही का?

येतो. साचा प्लास्टरचा करायचा आणि त्यात पातळ केलेलं मऊ प्लास्टिक ओतायचं. मात्र साचा केल्यावर आणि प्लास्टिक ओतण्याआधी एक काम आहे. घाईत नेमकं तेच सुटतं. ते काम म्हणजे साचा पुरता वाळवून त्याला आतून लेप देणं. लेप नसला तर मासा खडबडीत निघतो आणि साच्याला चिकटतो. एवढ्यावर भागलं तर ठीक, पण साच्यात ओल राहिली असेल तर उकळतं प्लास्टिक उडून हातातोंडावर येतं. डोळ्याचा प्रश्न आहे, म्हणून हे पत्रक शेवटपर्यंत वाचा आणि मगच कामाला लागा.

१. हा मासा असतो कशाचा?

आपण त्याला रबरी म्हणतो, पण त्यात रबर नसतं. पीव्हीसी प्लास्टिकची बारीक पूड एका तेलकट द्रवात कालवलेली असते. या पांढऱ्या, दुधासारख्या मिश्रणाला प्लास्टिसॉल म्हणतात. ते तापवलं की आधी दह्यासारखं घट्ट होतं, आणखी तापलं की पुन्हा पातळ होऊन मधासारखं स्वच्छ दिसू लागतं. साधारण १७५ अंश सेल्सियसला ते ओतण्याजोगं होतं. थंड झालं की मऊ आणि लवचीक राहतं.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन या गावी निक क्रीम नावाच्या गृहस्थांनी १९४९ साली असं प्लास्टिकचं गांडूळ तयार केलं. तिथून हा प्रकार जगभर गेला.

आकडा पुन्हा वाचा : १७५ अंश. पाणी १०० अंशाला उकळतं. पुढे जे सांगायचं आहे ते सगळं या दोन आकड्यांत आहे.

२. प्लास्टर पाणी का धरून ठेवतं?

प्लास्टर ऑफ पॅरिस हे जिप्सम नावाच्या खनिजापासून होतं. आपल्या देशात जिप्सम मुख्यत्वे राजस्थानातून येतं. ते भट्टीत तापवलं की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि पांढरी पूड उरते. या पुडीत पुन्हा पाणी घातलं, की ती गेलेलं पाणी परत घेते आणि तिचा दगड होतो. दगड होताना आत सुयांसारखे बारीक स्फटिक तयार होऊन एकमेकांत गुंततात.

आता हिशेब पाहा. ३०० ग्रॅम प्लास्टरला दगड व्हायला फक्त ५५ मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं. पण तेवढ्या पाण्यात ते ओतता येत नाही, कोरडं कोरडं राहतं. म्हणून आपण २०० मिलिलिटर घालतो. म्हणजे जवळजवळ १४५ मिलिलिटर पाणी जास्तीचं झालं. साचा हाताला कडक लागतो तेव्हा हे सगळं पाणी आतच असतं. पुढे ते हळूहळू उडून जातं आणि जिथे जिथे ते होतं तिथे पोकळ छिद्र राहतं. डोळ्याला दिसणार नाहीत इतकी ही छिद्रं बारीक, पण साचाभर पसरलेली.

म्हणून प्लास्टरचा साचा दिसायला दगड असला, तरी वागायला स्पंजासारखा असतो. ओला असेल तर आत पाणी, वाळला असेल तर आत हवा.

३. एका कामाचा गुण, दुसऱ्या कामाचा दोष

प्लास्टरचा हा पाणी पिण्याचा स्वभाव काही धंद्यांत मोलाचा आहे. शाडूची मूर्ती करणारे कारागीर प्लास्टरच्या साच्यात ओली माती दाबतात. साचा मातीतलं पाणी ओढून घेतो, माती थोडी आक्रसते आणि मूर्ती अलगद सुटते. उत्तर प्रदेशात खुर्ज्याला चिनी मातीच्या कपबशा होतात, तिथेही पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओततात ती याच कारणासाठी. तिथे साच्याला लेप दिला तर सगळं काम बिघडेल.

आपलं काम उलट आहे. आपण साच्यात ओली माती भरत नाही, पाण्याच्या उकळीहून कितीतरी जास्त तापलेलं प्लास्टिक ओततो. ते छिद्रांत शिरतं आणि धरून बसतं. छिद्रांतली हवा तापून फुगते आणि माशाच्या अंगावर फोड उठवते. आत पाणी असेल तर त्याची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. वर प्लास्टिकचा थर, त्यामुळे बाहेर पडायला वाट नाही. मग ती प्लास्टिकच उडवून लावते. तापलेल्या तेलाच्या कढईत पाण्याचा थेंब पडला की काय होतं, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. इथे तेच होतं, फक्त उडालेलं प्लास्टिक कातडीला चिकटून राहतं आणि पुसून निघत नाही.

म्हणून मूर्तीच्या किंवा भांड्यांच्या कारागिराने सांगितलं, की आम्ही साच्याला काहीच लावत नाही, तर तो खरंच सांगतो आहे. पण ते त्याच्या कामापुरतं.

४. साचा कसा पाडावा

पहिल्यांदा करणाराने उघडा साचा करावा, दोन फाळ्यांचा नको. म्हणजे माशाची एक बाजू सपाट राहील. मासे पकडायला त्याने काही अडत नाही.

नमुना म्हणून एखादा रबरी मासा घ्यावा, किंवा शाडूत अगर साबणात कोरावा. नमुना तळाला रुंद आणि वर निमुळता असावा. मध्ये फुगीर आणि तळाला आखूड असला, तर तो साच्यातून निघत नाही. नमुन्याची सपाट बाजू फरशीच्या गुळगुळीत तुकड्यावर चिकटवावी. चारी बाजूंनी पुठ्ठ्याची किंवा पट्ट्यांची भिंत उभी करून फटी मातीने लिंपाव्यात. भिंत नमुन्यापेक्षा दोन बोटं उंच असू द्यावी. मग नमुन्याला आणि फरशीला व्हॅसलिनचा अगदी पातळ हात द्यावा.

प्लास्टर ताजं आणि कोरडं हवं. ओल लागून गुठळ्या झालेलं प्लास्टर जुन्या सिमेंटसारखंच असतं, नीट धरत नाही. प्रमाण वजनाने घ्यावं : २०० मिलिलिटर पाण्याला ३०० ग्रॅम प्लास्टर. पाणी भांड्यात आधी घ्यावं आणि प्लास्टर चाळणीने वरून भुरभुरावं. पुडीवर पाणी ओतू नये, गुठळ्या होतात. दोन मिनिटं भिजू द्यावं, मग काठीने सावकाश ढवळावं. फेस येईल असं घुसळू नये. बारीक धारेने एका कोपऱ्यातून ओतावं आणि फरशीखालचं टेबल हळूहळू ठोकावं, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतील.

प्लास्टर धरताना गरम होतं. जाड गोळा झाला तर ते ६० अंशांपर्यंत जाऊ शकतं. म्हणून मुलांनी हाताचा ठसा घ्यायला ओल्या प्लास्टरमध्ये हात रोवून ठेवायचा खेळ मुळीच करू नये. हात आत अडकतो आणि भाजतो. पूड चाळताना नाकातोंडाला फडकं बांधावं. उरलेलं प्लास्टर मोरीत किंवा पाटात ओतू नये, तिथेच त्याचा दगड होईल.

अर्ध्या-पाऊण तासाने भिंत काढून साचा उलटा करावा आणि नमुना अलगद सोडवावा. कडा चाकूने साफ कराव्यात. कुठे खड्डा पडला असेल तर बोटाने थोडं ताजं प्लास्टर भरावं.

५. वाळवण : इथे घाई नको

ओलं धान्य कणगीत भरलं तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. वरून कोरडं दिसतं आणि आतून कुजतं. ओल्या साच्याला लेप देणं तसंच आहे. लेप दिला की आतलं पाणी आतच कोंडलं. लेप नसलेल्या ओल्या साच्यातून निदान काही वाफ मागच्या अंगाने निघून जाईल. लेप दिलेल्या ओल्या साच्यात तापवल्यावर तो लेपच फुगतो आणि फुटतो. म्हणजे चुकीच्या वेळी दिलेला लेप नसल्यापेक्षा वाईट.

साचा सावलीत, वारा लागेल अशा जागी, खाली दोन काटक्या घालून उभा ठेवावा. वैशाखातल्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवू नये आणि चुलीच्या वैलावरही नको. साचा ५० अंशांच्या पुढे बराच वेळ तापत राहिला, तर प्लास्टर दगड होताना घेतलेलं पाणीही सोडू लागतं. मग पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि बोटाला पांढरी पूड लागते. असा साचा टाकूनच द्यावा लागतो.

वाळला हे ओळखायचं कसं? हात लावून खात्री होत नाही. गालाला लावून पाहावा. ओला साचा गार लागतो. पण खरी परीक्षा तराजूची. साचा पाडल्या दिवशी त्याचं वजन करून त्यावरच पेन्सिलीने लिहावं. मग रोज एकाच वेळी वजन करावं आणि त्याखाली लिहीत जावं. वर सांगितलेल्या मापाचा ५०० ग्रॅमचा ओला साचा वाळून ३५५ ग्रॅमच्या आसपास येतो. प्लास्टरच्या जातीप्रमाणे आणि भांड्याला चिकटून राहिलेल्या मालाप्रमाणे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. तेव्हा आकड्यापेक्षा एवढं पाहा : लागोपाठ दोन दिवस वजन तेच आलं, तर साचा वाळला. उन्हाळ्यात याला आठवडा धरून चाला, जाड साच्याला त्याहून जास्त. पावसाळ्यात या फंदात पडू नये. हवेतच ओल असते, साचा वाळणार कुठून?

६. लेप कशाचा द्यावा आणि कशाचा नको

लेप असा हवा, की जो छिद्रं बुजवील, आकारातले खवले भरून टाकणार नाही आणि तापलेल्या प्लास्टिकने वितळणार नाही.

मेण चालणार नाही. मेणबत्तीचं मेण ६० अंशांच्या आसपासच पाघळतं. लाखेचं पॉलिश लाकडाला उत्तम, पण लाख ७५-८० अंशांना मऊ पडते आणि माशाला चिकटून येते. साबणाचं पाणी प्लास्टरवर प्लास्टर ओतताना उपयोगी असतं, इथे त्याचा काही उपयोग नाही. नुसतं तेल प्यायला दिलं तर साचा ते पीत राहतो आणि छिद्रं काही बंद होत नाहीत.

घरच्या कामाला दोन लेप योग्य आहेत.

पहिला, पांढरा गोंद. सुतार वापरतात तो, फेव्हिकॉलसारखा. हा स्वस्त, पाण्यात कालवता येणारा आणि वासाचा त्रास नसलेला. उष्णतेने तो हळूहळू मऊ पडून झिजतो, म्हणून अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो. शिकाऊ माणसाने यानेच सुरुवात करावी.

दुसरा, दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद, अ‍ॅरल्डाइटसारखा. हा महाग, पण कडक आणि टिकाऊ. साच्याला काचेसारखी चकाकी येते आणि मासाही तसाच चकचकीत निघतो. झटपट पाच मिनिटांत धरणारा घेऊ नये, पसरायच्या आत घट्ट होतो. सावकाश धरणारा घ्यावा.

७. लेप द्यायची रीत

आधी वेळ सांगतो, कारण तिचा परिणाम मोठा आहे. लेप संध्याकाळी द्यावा, सकाळी नको. सकाळी दिला तर ऊन चढेल तशी छिद्रांतली हवा फुगते आणि ओल्या लेपातून बुडबुडे काढते. वाळल्यावर तिथे टाचणीएवढी भोकं राहतात. दिवसभर कोमट झालेला साचा संध्याकाळी निवू लागला, की आतली हवा आक्रसते आणि लेप आत ओढून घेते. काम तेच, फक्त वेळ बदलली की लेप मुरतो.

गोंदाचा लेप : एक भाग गोंद आणि एक भाग पाणी नीट कालवावं. मऊ कुंचल्याने पहिला हात द्यावा. साचा तो लगेच पिऊन टाकील, दिसणारही नाही. हे चांगलं लक्षण आहे. खाचेत लेप साचला असेल तर कोरड्या कुंचल्याने टिपून घ्यावा, नाहीतर माशाचे खवले आणि डोळे बुजून जातील. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा, तो वाळल्यावर तिसरा. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा कधीही बरे. लिंपणाचंही असंच असतं, जाड थर तडकतो. गोंदातही पाणी आहे हे विसरू नये. शेवटचा हात दिल्यावर साचा पुन्हा दोन-तीन दिवस वाळवावा आणि वजन पुन्हा स्थिर झालं की नाही ते पाहावं.

इपॉक्सीचा लेप : हातात रबरी मोजे घालावेत, हा गोंद कातडीला बाधतो. दोन्ही नळ्यांतला गोंद डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घेऊन मिनिटभर नीट कालवावा. कोमट साच्यावर तो पातळ होऊन आपोआप पसरतो. बोटभर रुंदीच्या कुंचल्याने सगळीकडे ओढून घ्यावा आणि साचा थोडा थोडा तिरका करत फिरवावा, म्हणजे तळाशी साचणार नाही. एक दिवस हलवू नये. गरज वाटली तर दुसरा पातळ हात द्यावा.

सपाट माथ्यालाही लेप द्यावा, कारण ओतताना प्लास्टिक तिथेही सांडतं. मागची बाजू मात्र मोकळी ठेवावी. पुढे कधी दमट हवेत साच्याने ओल धरलीच, तर ती उडून जायला वाट राहते.

८. थेंबाची परीक्षा

लेप पुरा झाला की नाही, हे पाण्याच्या एका थेंबाने कळतं. साच्यात बोटाने एक थेंब सोडावा. अळूच्या पानावर उभा राहतो तसा तो थेंब उभा राहिला, तर लेप लागला. थेंब पसरून शोषला गेला आणि तिथे काळपट डाग दिसला, तर आणखी एक हात हवा. चार ठिकाणी पाहावं, विशेषतः शेपटीच्या टोकाला आणि कडांना. पाहून झालं की थेंब लगेच टिपून घ्यावा आणि साचा पुन्हा एक दिवस वाळू द्यावा.

९. ओतण्याच्या दिवशी

हे काम स्वयंपाकघरात करू नये. अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून बसावं. मुलं आणि जनावरं लांब असावीत. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, पायात बंद जोडे, डोळ्यांना वेल्डिंगवाला किंवा फवारणी करणारा वापरतो तसा स्वच्छ चष्मा हवाच. नायलॉनचा कपडा नको, तो अंगावर वितळतो.

दांडा आणि चोच असलेलं स्टीलचं लहान भांडं यासाठी वेगळं ठेवावं. ते पुन्हा कधी घरात चहाला वापरू नये. आच मंद ठेवून सारखं ढवळत राहावं. २०० अंशांपुढचं मोजणारा थर्मामीटर घ्यावा. घरातला तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो फुटेल. १७५ अंशांवर थांबावं. रंग पिवळा पडू लागला, झणझणीत धूर निघाला, तर प्लास्टिक जळतं आहे असं समजावं. त्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू असतो, तो डोळ्यांना आणि छातीला वाईट. आच बंद करून बाजूला व्हावं. भांड्याने पेट घेतला तर वर झाकण टाकावं, पाणी मारू नये.

साचा आधी उन्हात कोमट करावा. कापसाच्या बोळ्याने गोडेतेलाचा अगदी पुसट हात द्यावा. तेल साचलं तर माशाला खड्डे पडतात. नवा साचा असेल तर पहिल्यांदा चमचाभरच प्लास्टिक ओतून तोंड लांब ठेवावं. बुडबुडे उठले, चरचर आवाज आला तर साचा अजून ओला आहे. तो दिवस सोडून द्यावा. सगळं शांत राहिलं तर बारीक धारेने शेपटीकडून डोक्याकडे ओतत यावं. पाच-दहा मिनिटांत मासा निवतो. शेपटीला धरून ओढू नये, डोक्याकडून उचलावा.

१०. भाजलं तर

भाजलेल्या जागेवर लगेच थंड पाण्याची धार धरावी आणि २० मिनिटं धरून ठेवावी. अंगठी, बांगडी, घड्याळ काढावं. कातडीला चिकटलेलं प्लास्टिक ओढून काढू नये, कातडी सोलून येईल. ते दवाखान्यात काढतील. शाई, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नये. स्वच्छ फडक्याने झाकून दवाखाना गाठावा. डोळ्यात गेलं तर पाण्याने धूत राहावं आणि त्याच घडीला दवाखान्यात न्यावं. काम सुरू करण्याआधीच पाण्याची भरलेली बादली आणि तांब्या जवळ असू द्यावा.

११. काही शंका

जुन्या चपला, पिशव्या, ट्यूब वितळवून ओतलं तर?
नाही. सायकलची ट्यूब वितळत नाही, जळते. चपला आणि पिशव्या कसल्या प्लास्टिकच्या आहेत ते कळत नाही आणि धूर मात्र विषारी निघतो. फाटलेले जुने रबरी मासे मात्र पुन्हा वितळवता येतात, फक्त एकाच जातीचे घ्यावेत आणि ते कोरडे असावेत. ओला मासा भांड्यात टाकला तर तोही उडतो.

साचा किती दिवस चालतो?
लेपाची चकाकी पाहावी. जिथे ती गेली आणि मासा चिकटू लागला, तिथे तेल धुऊन-पुसून, वाळवून नवा हात द्यावा. साचा जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावा. पावसाळा गेल्यावर वापरायला काढाल तेव्हा पुन्हा वजन करावं. वाढलं असेल तर पुन्हा वाळवावा.

हे परवडतं का?
वर्षाला पाच-दहा मासे लागत असतील तर विकत घेणंच बरं. भांडं, थर्मामीटर, चष्मा आणि प्लास्टिसॉल यांचा खर्च एकट्याला जड जातो. गावात आठ-दहा जण गळ टाकणारे असतील, तर मिळून सामान घ्यावं आणि एकाच जाणत्या माणसाने ओतावं.

हे मासे मुलांना खेळायला द्यावेत का?
देऊ नयेत. प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या तेलांपैकी काही जातींवर लहान मुलांच्या खेळण्यांसाठी युरोप-अमेरिकेत निर्बंध आहेत. तोंडात घालण्याची ही वस्तू नव्हे.

१२. पाण्याशी इमान

रबरी मासा पाण्यात कुजत नाही. तुटका तुकडा काठावर किंवा पाण्यात टाकू नये, मासे आणि पाखरं तो गिळतात. तुकडे खिशात घालून घरी आणावेत आणि पुन्हा वितळवावेत.

धरणात आणि तलावात बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका असतो. मत्स्यबीज त्यांनी सोडलेलं असतं. त्यांना विचारून गळ टाकावा. अलिबाग-पेणकडच्या खारेपाटात शेताकडेच्या तळ्यांत जिताडा पाळतात, तिथे तर धन्याची परवानगी हवीच. पावसाळ्यात मरळीची पिलं घोळक्याने पाण्यावर येतात आणि नर-मादी खालून राखण करतात. त्या वेळी रबरी माशावर त्या हमखास झडप घालतात, पण भुकेने नव्हे, पिलांसाठी. राखण करणारी मरळ काढली तर सगळा घोळका दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो. तेवढे दिवस गळ बाजूला ठेवावा.

थोडक्यात ध्यानात ठेवा

• २०० मिलिलिटर पाण्याला ३०० ग्रॅम प्लास्टर. प्लास्टर पाण्यात, पाणी प्लास्टरवर नाही.
• सावलीत वाळवा. दोन दिवस वजन सारखं आल्याशिवाय लेप देऊ नका.
• मेण, लाख, साबण नको. पांढरा गोंद किंवा इपॉक्सी.
• लेप संध्याकाळी द्या. तीन पातळ हात.
• थेंब उभा राहिला तरच लेप पुरा झाला.
• गोंदाच्या लेपानंतर पुन्हा वाळवण आणि पुन्हा वजन.
• पहिल्यांदा चमचाभरच ओता. चरचरलं तर थांबा.
• चष्म्याशिवाय ओतू नका आणि पाण्याची बादली जवळ ठेवा.

हे पत्रक घरात ठेवा आणि गळाचा नाद असलेल्या शेजाऱ्यालाही वाचायला द्या. ज्याला वाचता येत नसेल त्याला निदान एवढं तोंडी सांगा, की ओल्या साच्यात तापलेलं प्लास्टिक ओतायचं नाही.